जिनमतीकाकूंचं विलायती मशीन

“आधीच सांगते पद्मा, हे मी मोडलंय,” जिनमतीकाकू म्हणाल्या आणि त्यांनी मशीनवरची क्रोशाची झालर उचलली. “तेव्हा कुणी मोडलं ते शोधत बसू नकोस. चालतंय का तेवढं बघ.”

माझं निम्मं लक्षच नव्हतं. झालरीखालून जे बाहेर आलं होतं त्याच्याकडे मी बघत होते. जुन्या कपबशीचा असतो तसला पांढरा रंग, गोल वळवलेले कोपरे, मुठीत मावेल एवढी निकेलची टायमरची चावी. झाकण उघडलं तर आत पर्युषणात लागणारी मोठी पातेली एकात एक घालून ठेवलेली. ती काढली तेव्हा टोपली दिसली आणि टोपलीच्या मधोमध, कमरेत बारीक असलेला, चार पंखांचा दांडा. मला खरंच दोन मिनिटं खाली बसावंसं वाटलं.

“त्र्याहत्तर साली आलं,” काकू म्हणाल्या. “आमच्या डॉक्टर भावजींनी आगबोटीनं पाठवलं इंग्लंडहून. सगळी गल्ली बघायला आली होती.”

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची, आमच्या इचलकरंजीतली. मी तेव्हा छत्तिशीची. आमचे चार लूम विकून झाले होते, नवरा भूपाल सुताला खळ लावायच्या सायझिंगमध्ये कामाला लागला होता आणि घरामागची शेड रिकामी पडली होती. आमचं स्वतःचं धुण्याचं मशीन बंद पडलं, मेकॅनिक तीनदा “उद्या येतो” म्हणाला, चौथ्या दिवशी मीच मागचा पत्रा काढला. पत्र्याच्या आतल्या बाजूला नकाशासारखा एक कागद चिकटवलेला होता. तो समजायला मला आठ दिवस लागले. त्यानंतर मात्र मला चटक लागली ती लागलीच. लोकांची मशीनं दुरुस्त करायची आणि कुणी जुनं, वरून कपडे टाकायचं मशीन टाकून देत असेल तर ते उचलून आणून पुन्हा चालू करायचं. शेडमध्ये तशी पाच उभी होती. भूपाल म्हणायचा, “लोकांच्या घरात पाहुणे येतात. आमच्याकडं पिंपं येतात आणि मुक्कामच करतात.”

पण विलायती, लोखंडी, आगबोटीनं आलेलं असं मी कधी हातही लावलेलं नव्हतं.

काकूंनी सौदा सरळ मांडला. चौगुल्यांचं, म्हणजे काकूंचं, हे जुनं घर महिन्याभरात पाडायचं होतं. रविवारी डॉक्टर भावजी इंग्लंडहून यायचे होते, जुन्या घरात एकदा सगळ्यांनी जेवायचं ठरलं होतं आणि सोमवारी भंगारवाल्याला बोलावलेलं होतं. “चाललं तर नव्या घरात नेईन. नाही चाललं तर तू घेऊन जा. भंगारात घालायचा जीव होत नाही.”

खरं सांगते, माझ्या मनात तेव्हाच शेडचा दाराजवळचा कोपरा झाडून झाला होता.

तेवढ्यात बापू आले. बापू म्हणजे काकूंचे यजमान, त्र्याहत्तर वर्षांचे, स्वच्छ पांढरं धोतर, आवाज कापडबाजारात चाळीस वर्षं घासलेला.

“काय पद्माताई, मशीनीचं पोस्टमार्टम का? करा, करा. तुम्हाला सांगतो, या देशातनं इंग्रज घालवायला सगळ्यांना मिळून दीडशे वर्षं लागली. आमच्या हिनं एका वाकळीत घालवला.”

मी हसले. हसण्यासारखंच होतं ते. काकूही हसल्या. पण कधी हसायचं हे त्यांना पाठ होतं, बापूंचं वाक्य संपायच्या जरा आधीच त्यांचं हसू येऊन थांबलं होतं. भूपाल मला नंतर म्हणाला की हा जोक त्यानं आमच्या लग्नात ऐकला होता, त्याच्या भावाच्या लग्नातही ऐकला होता.

बापू गेल्यावर काकू खुर्चीत बसल्या.

“वाकळ घातली होती हे खरं आहे ग,” त्या म्हणाल्या. “आठ महिने बरं चाललं. मग इथली लाइट अशी मंद, बल्बची नुसती वात करून ठेवायची, त्यात मोटार जळाली. ह्यांनी आतली तार नवी गुंडाळून, भरून आणली. परत बसवली त्या दिवशी म्हटलं, सासूबाईंची वाकळ, एवढी जाड गोधडी, हातानं धुऊन होत नाही, घालून बघू. धुतली चांगली. पण पिळायच्या वेळी नुसतं घूं करून थांबलं. कोल्हापूरचा माणूस आणला, तो न उघडताच म्हणाला आतला गिअर मोडला, वजन फार झालं असणार. पार्ट विलायतेतच मिळेल. तेव्हापासून बंद.”

“मग धुणं?”

“हे दोन हात कशाला आहेत?” त्या म्हणाल्या. “भावजींनी एवढ्या लांबून पाठवलं आणि माझ्या हातनं गेलं. ते दर वेळी आले की मी झालर धुऊन घालते वर. ते काही बोलत नाहीत. पण ह्यांनी जोक सांगितला की ते माझ्याकडं बघतात.” आणि मग, चहा विचारावा तशा आवाजात, “गिअर मोडलाय का एवढं नक्की सांग मला. अठ्ठावीस वर्षं झाली, कुणी उघडून बघितलं नाही.”

मशीन हातगाडीवरून आमच्या शेडमध्ये आलं तो गुरुवार होता. टोपलीत बादलीनं पाणी ओतलं आणि चावी फिरवली. मधला दांडा घुसळायला लागला, ताक करताना रवी हलते तसा, इकडून तिकडे, अगदी शांत. त्या दांड्यासाठी मी माझी पाचही पिंपं देऊन टाकली असती. मग चावी पिळण्यावर आणली. खट् झालं. आणि घूं. टोपली हलेना. काकूंनी सांगितलं होतं तसंच.

बंद केलं, पाणी काढलं, मशीन आडवं केलं. बेल्ट काढला आणि खालची पुली हातानं उजवीकडे फिरवली. दांडा घुसळला. डावीकडे फिरवली.

सगळी टोपली फिरली. कुठं न अडकता, न कुरकुरता, भोवऱ्यासारखी.

मी पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. मग मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. गिअर शाबूत होता. मोडायचं राहू द्या, त्याला साधा ओरखडा नव्हता. अठ्ठावीस वर्षं त्या बाईनं न मोडलेल्या गोष्टीबद्दल मान खाली घातली होती. दुसरं मनात आलं ते लाजिरवाणं आहे, पण सांगते. शेडमधला माझा कोपरा गेला.

आता राहिली मोटार. बेल्ट नसताना, कसलंच ओझं नसताना ती पिळण्यावर लावली, तरी घूं. म्हणजे खोट मोटारीतच. ती सोडवून टेबलावर घेतली. त्या मशीनची गंमत अशी की एकाच मोटारीकडून दोन कामं करून घ्यायची. ती उजवीकडे फिरली की कपडे घुसळायचे, डावीकडे फिरली की टोपली फिरवून पिळायचे. दिशा बदलायची तर मोटारीतून चार वायरी बाहेर यायला हव्यात. पत्र्यामागच्या कागदावर चार होत्या. मोटारीच्या जोडणीला चार पितळी टोकं होती. त्यातल्या तीन टोकांना वायरी होत्या. चौथं टोक कोरं होतं.

भूपाल जेवायला आला तेव्हा मी त्याला मोटारीच्या पाठीवर लाल ऑइलपेंटनं काढलेला ‘क’ दाखवला.

“कल्लाप्पा मिस्त्री,” तो म्हणाला. “निम्म्या गावाच्या लूमच्या मोटारींवर हा ‘क’ आहे. तू काय त्याची चूक काढायला निघालीस?”

“चूक निघालेलीच आहे. मी फक्त नेऊन दाखवणार.”

“चौथी वायर तूच काढ की बाहेर. तुला येईल.”

आली असती, कदाचित. पण मग बापू काय म्हणाले असते ते मला आत्ताच ऐकू येत होतं. हिनं मोडलं, पद्मानं जोडलं. जोक तेवढाच आणखी लांबला असता.

कल्लाप्पाण्णांचं दुकान गावभागात. बहात्तरीचा माणूस, जाड भिंगाचा चष्मा, तांब्याच्या तारेनं बोटांच्या टोकांना पडलेले घट्टे. त्यांनी मोटार मांडीवर घेतली, अंगठ्यानं ‘क’वरची धूळ पुसली आणि चेहरा खुलला.

“ही माजीच. कवाची वो वैनी?”

“चौऱ्याहत्तरची. चौगुल्यांच्या विलायती मशीनची.”

“आनि अजून चालतीया?”

“एका बाजूला चालते, अण्णा.”

“मग मोटारीनं आनि किती बाजूला चालायचं?”

मी त्यांना मशीनचं सांगितलं. घुसळणं, पिळणं, दोन दिशा, चार वायरी. कागद काढून पुढं धरला तर त्यांनी तो हातानं बाजूला केला.

“कागद मला नगा दावू. पन्नास वर्सं मोटारी भरतोय. लूम कुनी उलटा फिरवलाय का? उलटा फिरला तर कापड न्हाई, चिंध्या निघत्यात. तवा एक टोक आतच जोडून टाकायचं, तीन बाहेर काढायची. कुनाची तक्रार न्हाई आजपातुर.”

“हा लूम नाही, अण्णा.”

“मोटारीला काय कळतंय?”

“मोटारीला नाही कळत. म्हणून तर तुमच्याकडं आले.” मी मोटार त्यांच्या टेबलावर सरकवली. “एवढीच कृपा करा. ही उलटी फिरवून दाखवा. फिरली तर मी पाया पडून जाते.”

त्यांनी वायरी लावल्या. घूं. काढल्या, अदलाबदल केली. घूं. तिसऱ्यांदा लावल्या. पुन्हा घूं. मग चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, परत घातला आणि तो कागद स्वतःच ओढून घेतला. वाचायला इंग्रजी येत नव्हतं, पण रेघा येत होत्या. बराच वेळ रेघांवरून बोट फिरत राहिलं आणि चौथ्या रेघेवर थांबलं.

“बापूच आलते घिऊन,” ते म्हणाले. “म्हनले, कल्लाप्पा, नेहमीसारकी भर, घाई हाय. म्या नेहमीसारकी भरली.” मग कागद बाजूला ठेवत, “पर ह्यात कुनाचं काय बिघडलं? मशीन तसं तर तसं.”

“गाव म्हणतंय जिनमतीकाकूंनी मोडलं.”

“कोन? बापूंची मंडळी?”

“वाकळ घातली म्हणून. इंग्रज घालवायला दीडशे वर्षं लागली, आमच्या हिनं…”

“…एका वाकळीत घालवला,” कल्लाप्पाण्णांनी वाक्य पुरं केलं आणि हसले. सवयीनं हसले. मग हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र थांबले.

“म्या बी हसलोय की ह्याला,” ते म्हणाले. “दोन लग्नात.”

दुकानात वार्निशचा वास होता. रस्त्यावरून सूत गुंडाळलेल्या बिमांनी भरलेला टेम्पो गेला. अण्णांनी मोटारीचे बोल्ट सोडायला घेतले.

“शनवारी या.”

“रविवारी मशीन चालवून दाखवायचं आहे, अण्णा.”

“म्हनूनच शनवारी म्हनलो.” मान वर न करता त्यांनी विचारलं, “आनि आयतवारी किती वाजता?”

रविवारी चौगुल्यांच्या परसात मशीन मांडलं. नळाला पाणी नव्हतं, त्याचा दिवस नव्हता, म्हणून बॅरलमधून बादल्यांनी भरलं. बापू सागवानी खुर्चीत मधोमध. शेजारी डॉक्टर भावजी, शांतिनाथ त्यांचं नाव, वाळलेल्या शेंगेसारखे किडकिडीत, बोलायला हळू. भूपाल हात झटकत भिंतीला टेकलेला. कल्लाप्पाण्णा धुतलेली टोपी घालून आले आणि दाराशीच स्टुलावर बसले. बापूंना वाटलं, जेवायला बोलावलेल्यांतले एक.

काकू काय धुवायला टाकतात याकडे माझं लक्ष होतं. त्या आत गेल्या आणि बापूंची चार धोतरं घेऊन आल्या. माझ्याकडे बघितलं नाही. सावकाश एकेक सोडलं, दांड्याभोवती गोल.

“शांतिनाथ, तू बघून घे बाबा शेवटचं,” बापूंनी सुरुवात केली. “या देशातनं इंग्रज घालवायला…”

जोक झाला. डॉक्टर हसले नाहीत, काकूंकडे बघितलं. काकूंचं हसू मात्र ठरल्या जागी आलं, आणि मला त्या हसूचाच राग आला.

मी चावी फिरवली. दांडा घुसळू लागला. वीस मिनिटं. साबणाचं पाणी गटारीत गेलं, साध्या पाण्यात खळबळून झालं, तेही पाणी गेलं. आता फक्त पिळायचं राहिलं. शनिवारी शेडमध्ये मी हे सहा वेळा करून बघितलं होतं, तरीही मला खात्री नव्हती. शेडमध्ये चाललेली मशीनं मालकाच्या दारात गेल्यावर काय काय करतात ते मला माहीत होतं.

“आता थांबेल बघ,” बापू भावाला म्हणाले.

खट्.

एक श्वासभर काही नाही. मग खालून आवाज आला. हा घूं नव्हता. हा वर चढत जाणारा होता, लूमच्या कारखान्यात सकाळी पहिली मोटार सुरू होते तसा. टोपली हलली, फिरली, धोतरं तिच्या कडेला जाऊन चिकटली, टोपलीची भोकं दिसेनाशी झाली. पायाखालची फरशी थरथरली. नळीतून पाणी धार लावून पडायला लागलं. काकू मशीनपाशीच उभ्या होत्या. त्यांनी झाकण लावलं, त्यावर तळहात ठेवला आणि तो तिथंच राहिला.

आवाज उतरत उतरत थांबला तेव्हा पहिले बोलले ते बापू. बोलायला ते कधीच दुसरे नसत.

“वा. हिनं घालवलेला इंग्रज पद्मानं परत आणला. हिनं मोडलं, पद्मानं…”

“बापू,” दाराकडून आवाज आला. कल्लाप्पाण्णा उठून उभे होते, टोपी हातात. “वैनींनी मोडलं न्हवतं. म्या मोडलं.”

“तू? तू कुठनं आलास यात?”

“मोटार म्या भरली न्हवं चौऱ्याहत्तरला? लूमची समजून भरली. तिला उलटं फिरताच येत न्हवतं. एक वायर आत ऱ्हायली. ती म्या काल काडली.”

बापू खुर्चीत जरा पुढं सरकले. “पण वाकळ घातली होती. केवढी जड वाकळ.”

“वाकळ कशाला, हातरुमाल टाकला असता तरी फिरलं नसतं.”

“मग हे तेव्हाच सांगायचं नाही होय मला?”

“तुमी इचारलं कुटं?” कल्लाप्पाण्णा म्हणाले. आवाज चढवला नाही. “तुमी जोक सांगितला. म्या हसलो. माजीबी चूक हाय.”

डॉक्टरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

मला वाटलं होतं काकू रडतील. मी तर त्यासाठी पदरही सावरून ठेवला होता, माझा. पण त्यांनी कल्लाप्पाण्णांना एवढंच विचारलं, “हातरुमाल टाकला असता तरी?”

“नुसतं पानी असतं तरी, वैनी.”

काकूंनी मान हलवली, दुकानदारानं वजन बरोबर केल्यावर हलवतो तशी. मग झाकण उघडलं. टोपलीच्या कडेनं दोरासारखी गुंडाळलेली धोतरं एकेक सोडवून बादलीत टाकली. एक गालाला लावून बघितलं. थेंब पडत नव्हता. ती बादली उचलून त्यांनी बापूंच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “वाळत घाला.”

बापूंनी बादलीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. शेवटी भावाकडे.

“मी तिकडं रोज घालतो, दादा,” डॉक्टर म्हणाले. “तुझ्या उंचीला तर सोपं जाईल.”

बापू उठले. परसाच्या तारेपाशी जाऊन त्यांनी पहिलं धोतर गोळा करून तसंच वर टाकलं. ते खाली पडायला आलं. भूपाल पुढं सरसावला तेव्हा मी त्याच्या शर्टाची बाही धरली.

काकू बापूंच्या सागवानी खुर्चीत बसल्या. पाठ टेकून.

“आधी झटका,” त्या म्हणाल्या. बापूंनी झटकलं. “आता टोकाला टोक. तसं नाही, दुसरं टोक. हां. आता ओढा जरा.”

पहिल्याला बराच वेळ लागला. दुसरं वाकडं झालं आणि काढून परत घालावं लागलं. चौथं मात्र तारेवर असं सरळ बसलं की बापू दोन पावलं मागं येऊन त्याच्याकडे बघत राहिले.

“पद्मा,” काकूंनी खुर्चीतूनच हाक मारली, “पाणी भर ग. आता माझी लुगडी टाकू.”

मी बादली बॅरलमध्ये बुडवली. तारेपाशी बापू दुसरी, रिकामी बादली हातात घेऊन उभे होते, पुढचा घाणा कधी निघतो याची वाट बघत.